आठवडे-बाजारचे भाव : जनावरें, कोंबड्या आणि अंडीं

कापूस, गूळ, कांदा किंवा हरभरा विकावयास निघालेला शेतकरी घर सोडण्यापूर्वीं त्या दिवसाचा भाव विचारून घेतो, आणि भाव उतरला आहे असें कळल्यास माल चार दिवस घरांत ठेवतो. परंतु तोच शेतकरी बैलांची जोडी किंवा चार शेळ्या घेऊन बाजारची वाट धरतो, तेव्हां गेल्या बाजारीं तशा जनावरास काय आलें हें त्यास बहुधा ठाऊक नसतें. शेजारी सांगेल तो भाव, किंवा दारावर आलेला हेडी सांगेल तो भाव, एवढीच त्याची माहिती. वास्तविक कापसाच्या एका गाडीपेक्षां एका जोडीच्या सौद्यांत त्याचें अधिक धन अडकलेलें असतें, आणि तें धन पांच मिनिटांत हातावेगळें होतें. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सुमारें १ कोटी ४० लक्ष गाई-बैल, ५६ लक्ष म्हशी आणि १ कोटी ६ लक्ष शेळ्या होत्या. एवढ्या मोठ्या मालाचा भाव आजहि ऐकीव गोष्टींवर चालतो, हें आश्चर्य होय.

गोठ्याशीं संबंध असलेल्या मालाचे भाव ठरण्याच्या तीन निरनिराळ्या रीती आहेत. अंड्याचा भाव रोज जाहीर होतो व तो सर्वांस कळतो. मांसाच्या कोंबडीचा भाव रोज बदलतो, पण तोहि वजनावर असल्यामुळें समजावयास कठीण नाहीं. जनावराचा भाव मात्र उपरण्याखालीं ठरतो. किंमत जितकी मोठी तितका व्यवहार झांकलेला, असा हा उलटा क्रम आहे; म्हणून प्रथम त्याचाच विचार करूं.

सांगोल्याचा रविवारचा बाजार खिलार जनावरांसाठीं, आणि घोडेगांवचा शुक्रवारचा बाजार म्हशींसाठीं प्रसिद्ध आहे. बेल्ह्यास सोमवारीं, लोणीस बुधवारीं, चाकणास शनिवारीं जनावरें भरतात. यांपैकीं कोणत्याहि बाजारांत सकाळीं गेल्यास दोन माणसें एकमेकांचे हात रुमालाखालीं धरून उभीं असलेलीं दिसतील. तोंडानें आंकडा निघत नाहीं. बोटें दाबून तो कळविला जातो. हजार कीं शंभर हें जनावराकडे पाहूनच दोघांनीं समजावयाचें असतें. मध्यें दलाल असला म्हणजे तो एकदां विकणाराचा हात धरतो, एकदां घेणाराचा. आतां विकणाराच्या हातांत त्यानें दाबलेला आंकडा आणि घेणाराच्या हातांत दाबलेला आंकडा एकच होता काय, हें तिसऱ्या कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. सर्वच दलाल असे करतात असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळ दलाल पिढ्यानपिढ्या त्याच बाजारांत बसतात व त्यांस आपल्या शब्दाची चाड असते. परंतु ज्या रीतींत खोटें बोलणाराची व खरें बोलणाराची खूण एकच, ती रीत खऱ्या माणसाच्याहि हिताची नव्हे.

या रीतीची बाजू घेणारे म्हणतात कीं, गरजू माणसाची अब्रू तींत राखली जाते; कोणी किती स्वस्त विकलें हें चारचौघांत होत नाहीं. हें म्हणणें अगदींच निरर्थक नाहीं. पण अब्रू राखण्याची किंमत पुढच्या विकणारास द्यावी लागते, कारण आधींचा सौदा कितीला झाला हें त्यास कळत नाहीं. हेडी मात्र दिवसभरांत वीस हात धरतो व वीस आंकडे त्याच्या डोक्यांत राहतात. शेतकरी वर्षांतून एकदां बाजारांत उभा राहतो, हेडी दर आठवड्यास निरनिराळ्या चार बाजारांत. सारा फरक येथें आहे.

मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि पुढें १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला. या कायद्याखालीं धान्याप्रमाणेंच जनावरें, कोंबड्या व अंडीं हीं बाजार समितीच्या नियमनाखालीं येऊं शकतात. धान्याचा लिलाव त्यामुळें उघड्यावर आला. जनावरांच्या आवारांत समितीनें कुंपण, पाण्याचे हौद, धक्के व पावती आणली, पण रुमाल तसाच राहिला. पावतीचें महत्त्व मात्र कमी लेखूं नये. तिच्यावर विकणाराचें व घेणाराचें नांव, जनावराचें वर्णन व किंमत असते, आणि पुढें मालकीचा वाद निघाल्यास तोच कागद उपयोगी पडतो. पुष्कळ ठिकाणीं बाजार-फी वांचविण्याकरितां पावतीवर किंमत कमी लिहिली जाते. त्यांत चार पैसे वांचतात खरे, पण त्याच पावत्यांवरून जे भाव प्रसिद्ध होतात ते मग खोटे ठरतात, आणि पुढच्या आठवड्यास ते वाचून कोणी दुसरा शेतकरी आपलें जनावर त्या खोट्या भावास देऊन बसतो.

जनावराची किंमत ठरविणाऱ्या गोष्टी शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाहीं. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला हे शब्द त्याच्या घरचे आहेत. तरी भाव विचारतांना ते शब्द वापरले जात नाहींत, ही मोठी चूक होय. “बैलजोडी काय भाव?” या प्रश्नास उत्तरच नाहीं. चारदाती, कामास लागलेली, एकाच उंचीची व रंगाची खिलार जोडी हा एक माल. जुळलेली, खांद्यास गाठ असलेली जोडी हा अगदीं दुसरा. म्हशीच्या बाबतींत वेत कितवें, विऊन किती दिवस झाले आणि दोन वेळचें दूध किती, या तीन गोष्टींवांचून भाव म्हणजे वारा. दूध दोन धारांचें पाहावें. एकाच धारेवर विश्वासूं नये, कारण आदल्या संध्याकाळीं न पिळलेली म्हैस सकाळीं कोणासहि भरलेली दिसते.

त्यानंतर हंगाम. मृगापूर्वीं नांगरटीच्या व पेरणीच्या घाईंत बैलास मागणी असते. सुगी आटोपल्यावर ती मंदावते. दुभत्या जनावराचा भाव दुधाच्या दराबरोबर वरखालीं होतो. या सर्वांवर मात करणारी एकच गोष्ट, ती म्हणजे चारा. पावसानें ओढ दिली कीं कडब्याचा भाव चढतो आणि जनावराचा उतरतो. दोन्ही एकाच आठवड्यांत, उलट दिशांनीं. १९७२ च्या दुष्काळांत, आणि २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षीं मराठवाडा, सोलापूर व नगर या भागांत हेंच दिसून आलें. चाऱ्याच्या छावण्या उघडल्या म्हणजे जनावर वांचतेंच, शिवाय बाजारांतील गर्दी कमी होऊन भावाची घसरगुंडीहि थांबते. हा दुसरा लाभ सहसा कोणी मोजीत नाहीं. म्हणून सूज्ञ शेतकऱ्यानें जनावरांच्या भावाबरोबर कडब्याचा शेंकडा भाव पाहावा. ज्याच्या गंजींत चार महिन्यांचा कडबा आहे त्यास पडत्या बाजारीं विकण्याचें कारण नाहीं. ज्याच्याजवळ तो नाहीं त्यानें दुसऱ्यांचा कडबा संपेपर्यंत थांबूं नये.

म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न वेगळा सांगितला पाहिजे, कारण तो आतां केवळ बाजाराचा राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत गाईच्या वधास १९७६ च्या कायद्यानें बंदी होती. १९९५ सालीं विधिमंडळानें संमत केलेली दुरुस्ती २०१५ सालीं राष्ट्रपतींची संमति मिळून अंमलांत आली आणि ती बंदी बैल व वळू यांसहि लागू झाली. त्यापूर्वीं कामांतून गेलेल्या बैलाचे जे पैसे येत ते नव्या बैलाच्या किंमतींत भर म्हणून पडत. तो आधार गेल्यामुळें बैल घेतांनाच तो किती वर्षें काम देईल, व त्यानंतर किती वर्षें त्यास नुसता पोसावा लागेल, हा हिशेब मांडणें भाग झालें आहे. ट्रॅक्टरनें मागणी आधींच कमी केली होती. तींत हा बोजा पडला. धर्माच्या व धोरणाच्या दृष्टीनें कोणास काय वाटावें तें वाटो, भावाच्या पत्रकांत दोन्ही गोष्टी दिसतात, आणि सहादातीपासून जुळलेल्या बैलापर्यंतची उतरण पूर्वीपेक्षां अधिक तीव्र कां, याचें उत्तर त्यांत आहे.

रोगराईनें बाजारच बंद पडतो, ही गोष्ट २०२२ सालीं लंपी त्वचारोगानें सर्वांस शिकविली. त्या वर्षीं सप्टेंबरांत राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. रोगाच्या दृष्टीनें तें योग्यच होतें; परंतु बाजार नाहीं म्हणजे भाव नाहीं, आणि भाव नाहीं म्हणजे दारावर येणारा सांगेल ती किंमत. पुढें १ जून २०२४ पासून कानांत बारा आंकडी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस राज्यांत मनाई करण्यांत आली. बिल्ल्यास कंटाळणारे पुष्कळ आहेत. पण लस केव्हां टोंचली, मालक कोण, हें त्यावरून कळत असल्यानें प्रामाणिक विकणाराचा त्यांत फायदाच आहे. बिल्ला मारून घेण्यास बाजाराची सकाळ उजाडण्याची वाट पाहूं नये, एवढेंच.

बाजारांतील एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसें वाटतें. सकाळीं विकणारा बळकट असतो. दुपार कलली कीं त्याचें बळ ओसरूं लागतें. जनावर परत न्यावयाचें म्हणजे टेंपोचें भाडें पुन्हां पडणार, घरीं पैशाची नड आहे, मुलाची फी भरावयाची आहे, हें सर्व त्याच्या चेहऱ्यावर उमटतें आणि हेडी तें वाचतो. कित्येक सौदे याचसाठीं मुद्दाम लांबविले जातात. यावर उपाय असा कीं, याखालीं देणें नाहीं असा आंकडा घरींच, बायकामुलांच्या विचारानें ठरवून निघावें, आणि परत येण्याचें भाडें खर्चांत आधींच धरावें. तें भाडें म्हणजे नुकसान नव्हे. सौदा मोडण्याच्या स्वातंत्र्याची ती किंमत आहे. तीन हजारांच्या भीतीनें आठ हजारांचा तोटा पत्करणारे लोक प्रत्येक बाजारीं दिसतात. शक्य असल्यास गांवांतील दोघां-तिघांनीं एक गाडी करून जावें; भाडें वांटलें जातें, आणि एकाचा हात रुमालाखालीं असतां दुसऱ्याचे कान बाजारांत फिरूं शकतात.

शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतींत रुमालाची कांहींच आवश्यकता नाहीं, कारण त्या तोलतां येतात. कांटा नसल्यास फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यावा, व खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेर गुणिलें घेर गुणिलें लांबी करून ६६० नें भागलें म्हणजे वजन किलोंत येतें. घेर २८ व लांबी २४ इंच असलेल्या उस्मानाबादी बोकडाचें वजन या रीतीनें सुमारें साडेअठ्ठावीस किलो निघेल. थोडा फरक पडेल, विशेषतः गाभण शेळी किंवा पाणी पाजून पोट भरलेला बोकड असल्यास. तरी नुसत्या नजरेपेक्षां हें शतपट बरें. अशा बोकडाचें मांस जिवंत वजनाच्या शेंकडा ४५ ते ५० पडतें, म्हणजे येथें तेरा-चौदा किलो. मटणाचा भाव किलोस ७०० रुपये आहे असें समजूं. तर तेरा किलोंचे ९,१०० होतात, आणि मुंडी, पाय व कातडें निराळें. त्यांतून खाटकाची मजुरी, वाहतूक व नफा वजा घालून आपल्या पदरीं काय यावें हें ज्याचें त्यानें काढावें. आंकडे आपल्या गांवचे घालावेत, रीत हीच.

बकरी ईदचा बाजार याहून वेगळा. तेथें वजनापेक्षां रूप, रंग, उंची व निर्दोष अंग यांस मोल येतें, आणि मुंबईस देवनारला त्या दिवसांत लांबलांबच्या प्रांतांतून माल उतरतो. ही तिथि चांद्र वर्षावर चालत असल्यामुळें दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ सालीं ती २९ जूनला होती, २०२५ सालीं ७ जूनला आली. बोकड एक वर्षाचा पुरा व्हावा लागतो, आणि शेळीचा गाभणकाळ पांच महिन्यांचा. म्हणजे ज्या ईदला विकावयाचें तिच्या सतरा-अठरा महिने आधीं शेळी फळली पाहिजे. गेल्या वर्षीं अमुक महिन्यांत चांगला भाव आला म्हणून त्याच महिन्याचा बेत धरणारे चार वर्षांत दीड महिना मागें पडतात.

कोंबड्यांकडे वळूं. गांवठी कोंबडा आजहि आठवडे-बाजारांत नगावर विकला जातो व त्याचा भाव गटारी, आखाड, जत्रा यांवर चढतो. श्रावणांत त्यास कोणी विचारीत नाहीं. मांसाच्या संकरित पक्ष्याचें तसें नाहीं. तो सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास होतो आणि शेडवर जिवंत वजनानें जातो. कराराच्या पद्धतीनें पक्षी वाढविणारास कंपनी पिलूं, खाद्य व औषध देते व वाढणावळ मोजते. त्यास बाजारभावाची झळ आडून लागते. स्वतःच्या जोखमीवर धंदा करणारानें मात्र एक आंकडा पाठ ठेवावा. सहा आठवड्यांनंतर एक किलो वजन चढविण्यास दोन किलोंहून अधिक खाद्य लागतें. खाद्य चाळीस रुपये किलो असेल तर पुढच्या प्रत्येक किलोची किंमत ऐंशींच्या वर गेली. बाजार पंचाहत्तर असतां भाव सुधारेल या आशेनें पक्षी ठेवणें म्हणजे रोज थोडें थोडें बुडणें होय. जनावर थांबविण्यांत शहाणपण असूं शकतें, कोंबडी थांबविण्यांत क्वचितच.

या धंद्यांत अफवेइतका मोठा शत्रु नाहीं. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांत नवापूरला बर्ड फ्ल्यू आढळला तेव्हां रोग खरा होता. तेथील पक्षी मारावे लागले, परंतु शेंकडों कोसांवरच्या निरोगी पक्ष्यांचाहि भाव मातीमोल झाला. २०२० च्या आरंभीं तर रोगाचा कोंबडीशीं कांहीं संबंध नसतां करोनाची अफवा पसरली, व कित्येकांनीं पक्षी फुकट वांटले किंवा पुरले. अशा वेळीं नवीं पिलें न टाकणें एवढाच उपाय हातीं असतो. आणि तो करणारांस दोन-तीन महिन्यांनीं, माल कमी झाल्यावर, बरा भाव मिळतो.

अंड्यांची कथा या सर्वांत समाधानकारक आहे. १९८० च्या सुमारास अंड्यांचा भाव शहरांतील व्यापारी ठरवीत, आणि उत्पादनखर्चाच्या खालीं विकून पुष्कळांस शेडें बंद करावीं लागलीं. तेव्हां डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें उत्पादकांनीं एकत्र येऊन १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन केली, आणि आपल्या मालाचा भाव आपणच जाहीर करावयास आरंभ केला. तेव्हांपासून निरनिराळ्या केंद्रांचा भाव दर शेंकडा अंड्यांस रोज निघतो. पुणें व मुंबई यांचे भाव आपल्याकडील उत्पादकांस मार्गदर्शक होतात. हा भाव सूचक आहे, सक्तीचा नव्हे. मालाची गर्दी झाली म्हणजे व्यापारी त्यांतून कांहीं पैसे कापून मागतात. म्हणून वहींत दोन रकाने ठेवावेत, जाहीर भावाचा एक व हातीं पडलेल्या भावाचा दुसरा. दोहोंमधील अंतर वाढूं लागलें कीं भाव उतरण्याची वेळ जवळ आली असें खुशाल समजावें.

थंडींत अंडें चढतें, उन्हाळ्यांत व श्रावणांत उतरतें, हें सर्वांस माहीत आहे. पण आपलें अंडें आपणांस कितीस पडतें हें थोड्यांस माहीत असतें. घालणारी कोंबडी दिवसास सुमारें ११० ग्रॅम खाद्य खाते. शंभर कोंबड्यांनीं नव्वद अंडीं दिलीं तर दर अंड्यास १२२ ग्रॅम खाद्य पडलें. सत्तरच दिलीं तर १५७ ग्रॅम. खाद्य २८ रुपये किलो धरल्यास पहिलें अंडें खाद्यांतच तीन रुपये चाळीस पैशांस पडतें व दुसरें चार रुपये चाळीस पैशांस. एकूण खर्चांत खाद्याचा वांटा सुमारें तीन-चतुर्थांश असतो. बाकीचा वर चढवावा. जो कळप नव्वदांवरून सत्तरांवर आला तो काढावा कीं ठेवावा, हें त्या दिवसाच्या भावाशीं हा आंकडा ताडून ठरतें. खाद्यांत निम्म्याच्या आसपास मका असल्यामुळें मक्याच्या भावावरहि डोळा ठेवावा. २०२३ नंतर इथेनॉलसाठीं मक्यास मागणी वाढून तो महागला व अंड्याचें गणित बिघडलें. मका पिकविणारास जें सुख तें कोंबड्या पाळणारास दुःख, आणि पुष्कळ घरांत तर दोन्ही एकाच छपराखालीं नांदतात.

अंडीं प्रतवार करून विकावींत. अ‍ॅगमार्कप्रमाणें ६० ग्रॅम व वरचें अतिमोठें, ५३ ते ५९ मोठें, ४५ ते ५२ मध्यम व ३८ ते ४४ लहान. मिश्र माल दिल्यास भाव लहानाचा मिळतो. तीस अंड्यांचा ट्रे व सात ट्रेंची, म्हणजे २१० अंड्यांची पेटी. फूट किती गेली हें पेटीगणिक लिहावें.

आतां भावाच्या पत्रकाविषयीं. बाजार समित्यांच्या पत्रकांत किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव असतात. वाचणाराची दृष्टि कमाल भावाकडे जाते व तेथेंच फसगत होते. तो बहुधा एका नामांकित जनावराचा असतो. सर्वसाधारण भावच आपला समजावा, आणि एका आठवड्यावरून कांहींच ठरवूं नये. चार आठवडे ओळीनें पाहिले म्हणजे बाजाराचा कल कळतो. शिवाय आवक किती व विक्री किती हे आंकडे भावाइतकेच बोलके असतात. आठशें बैल आले व सहाशें गेले तर भाव टिकेल. आठशेंपैकीं दोनशेंच गेले तर पत्रकांतला भाव कितीहि चांगला दिसो, तो पुढच्या बाजारीं राहावयाचा नाहीं.

सभासदांपैकीं जे दर आठवड्यास बाजारास जातात त्यांनीं एक लहान वही बरोबर ठेवावी, व तींत बाजाराचें नांव, वार, जनावराची जात, दांत किंवा वेत, खरी किंमत, आणि त्या दिवशींचा कडब्याचा भाव लिहावा. पांच सौद्यांची नोंद पुरे. त्या पांचांत आपल्या ओळखीच्यांचेच सौदे असावेत, म्हणजे रुमालाखालचा आंकडा खरा मिळतो. शेवटचा रकाना विक्री न होतां परत गेलेल्या जनावरांचा ठेवावा. तो भरण्यास दुपारीं चार वाजेपर्यंत बाजारांत थांबावें लागतें, म्हणून पुष्कळ वह्यांत तोच कोरा राहतो.